मिश्रण, संकर आणि भेसळ

‘शुद्ध’ या शब्दाचे वजन आपल्या भाषेत फार मोठे आहे. तूप शुद्ध असावे, सोने शुद्ध असावे, उच्चार शुद्ध असावा, कुळ शुद्ध असावे आणि हेतूही शुद्ध असावा, अशी एकाच विशेषणाची योजना आपण पाच ठिकाणी करतो, आणि पाचही ठिकाणी त्याचा अर्थ एकच आहे अशा समजुतीने चालतो. किंचित विचार केला तर ही समजूत टिकत नाही. सोन्याची शुद्धता म्हणजे त्यात दुसरे काही नसणे. हेतूची शुद्धता म्हणजे त्यात दडविलेले काही नसणे. पहिला गुण वस्तूच्या घटनेचा आहे, दुसरा मनुष्याच्या सचोटीचा. पहिल्या अर्थाने अशुद्ध असलेली वस्तू दुसऱ्या अर्थाने निर्मळ असू शकते. बावीस कॅरटचा दागिना बावीस कॅरटचा म्हणूनच विकला, तर त्यात तांबे आहे एवढ्यावरून सोनारास कोणी चोर म्हणत नाही. परंतु या दोन अर्थांची गल्लत इतकी जुनी आहे की, जे जे मिश्र ते ते काहीसे लबाड व काहीसे हीन, असा एक संस्कार आपल्या मनावर बसून गेला आहे. दोन भिन्न गोष्टी एकत्र आणण्यात स्वभावतःच काही दोष आहे काय, आणि असल्यास तो नेमका कोठे आहे, हा प्रश्न येथे विचारास घ्यावयाचा आहे.

उदाहरण म्हणून आम्ही बिअर करण्याच्या कलेतील एक शाखा निवडली आहे. आपल्या सुशिक्षित कुटुंबांत या पेयाचा विषय एक तर चोरून निघतो किंवा निघतच नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. मद्यपानाची भलावण करण्याचा येथे यत्किंचितही हेतू नाही. पिण्याचे इष्टानिष्ट हा स्वतंत्र विषय आहे, आणि ज्या घरांनी दारूपायी माणसे गमावली त्यांना त्याविषयी कोणी शिकवावे असे काही उरलेले नाही. पण शुद्धतेचा अभिमान, मिश्रणाचे कौशल्य आणि भेसळीचे पाप ही तिन्ही एकाच धंद्यात इतक्या जवळजवळ नांदताना अन्यत्र क्वचितच दिसतात. वैद्याने विषाचाही अभ्यास करावा, त्या न्यायाने वाचकांनी हे उदाहरण सोसावे अशी विनंती आहे.

बिअरची मूळ कृती साधी आहे. जव भिजवून त्याला मोड आणतात, ते मोड वाळवून भाजतात, भरडून ऊन पाण्यात मुरवितात. त्यामुळे पिठातील सत्त्वाची साखर होते. त्या गोड पाण्यात हॉप नावाच्या वेलीची कडवट फुले घालून ते उकळतात, निववितात आणि मग त्यात यीस्ट सोडतात. साखरेचे मद्यार्क व कर्बवायू यांत रूपांतर करणारा हा सूक्ष्म जीव होय. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणी उडीद व तांदूळ यांपासून केलेले जे किण्व सांगितले आहे, ते याच कामाचे विरजण. आता यीस्टच्या स्वभावावरून बिअरची दोन मोठी घराणी पडली आहेत. एका घराण्यास एल म्हणतात. ती उबेत, साधारण १५ ते २२ अंशांत, थोड्या दिवसांत आंबते, तिचे यीस्ट फेसाबरोबर वर येते आणि तिला फळांसारखा वास असतो. दुसरे घराणे लागर. ती थंडीत, ८ ते १३ अंशांत, सावकाश आंबते, तिचे यीस्ट तळाशी बसते, आणि पुढे कित्येक आठवडे ती बर्फाच्या गारठ्यात मुरत ठेवतात. लागर या जर्मन शब्दाचा अर्थच मुळी कोठार असा आहे. एका घराण्याचे अंग भरदार, दुसऱ्याचे स्वच्छ व हलके. आणि दोन्ही घराण्यांतील अभिमानी माणसे एकमेकांकडे, ख्यालगायकाने ठुमरीवाल्याकडे पाहावे तशी पाहात आलेली आहेत.

या दोन घराण्यांच्या मधोमध ज्या बिअरी जन्मास आल्या त्यांचा इतिहास उद्बोधक आहे. १८४८ साली कॅलिफोर्नियात सोने सापडल्यावर सान फ्रान्सिस्कोकडे माणसांचा लोंढा लोटला. त्यांत लागर करणारे कारागीर होते, त्यांच्याजवळ लागरचे यीस्ट होते. नव्हते ते बर्फ. तेव्हा थंडीत राबणारे ते यीस्ट त्यांनी नाइलाजाने एलच्या उबेत राबविले आणि पसरट, उथळ हौदांत समुद्रावरील वाऱ्याने जेवढे निवेल तेवढे निवविले. जे तयार झाले ते लागरही नव्हते आणि एलही नव्हते. पण तहानलेल्या कष्टकऱ्यांना ते आवडले व त्याचे एक स्वतंत्र नाव पडले. जर्मनीतील कोलोन शहरात याच्या उलट घडले. तेथील कोल्श नावाची बिअर एलच्या यीस्टने उबेत आंबवितात आणि नंतर लागरप्रमाणे गारठ्यात मुरवितात. पहिल्या उदाहरणात मिश्रण अडचणीतून आले, दुसऱ्यात शेजाऱ्याची रीत पाहून. केवळ चमत्कृतीच्या हौसेने यांतले एकही आलेले नाही.

आता शुद्धतेच्या पक्षाचे म्हणणे ऐकू. त्या पक्षाचा धर्मग्रंथ म्हणजे १५१६ साली बव्हेरियाच्या ड्यूकांनी इंगोलश्टाट येथे काढलेला हुकूम. बिअरमध्ये जव, हॉप आणि पाणी यांखेरीज काही घालू नये असे तो सांगतो. या हुकुमाची थट्टा करणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. त्यात बिअरचा दरही बांधून दिला होता. आणि गहू भाकरीसाठी राहावा, कोणी गुंगी आणणाऱ्या पाल्याचा काढा लोकांच्या गळी उतरवू नये, ही त्यामागची सांगितली जाणारी कारणे प्रजेच्या हिताचीच आहेत. शुद्धतेचा नियम हा दुबळ्या गिऱ्हाइकाचे कवच असतो, तेव्हा तो आदरास पात्र असतो. परंतु त्याच हुकुमाचे पुढील चरित्र पाहावे. गव्हाच्या बिअरला त्यात जागा नव्हती. तरी एका सरदार घराण्याला ती करण्याची सवलत मिळाली, आणि १६०२ साली ते घराणे खुंटल्यावर ती मक्तेदारी खुद्द राज्यकर्त्यांनी आपल्याकडे घेतली व तीवर खजिना भरला. प्रजेला जी अशुद्ध, ती राजाला उत्पन्नाची. पुढे तोच नियम परदेशी बिअरला जर्मनीत येऊ न देण्यासाठी वापरण्यात आला, तेव्हा १९८७ साली युरोपीय न्यायालयास तो अडसर काढावा लागला. कवचाचा दरवाजा झाला, आणि दरवाजावर पहारेकरी बसला, की शुद्धतेचा अर्थ पालटतो.

त्या हुकुमात यीस्टचा उल्लेखच नाही, ही गोष्ट आणखी विचार करण्याजोगी आहे. जे बिअरला बिअर बनविते तेच कायद्याला ठाऊक नव्हते. यीस्टचे खरे स्वरूप एकोणिसाव्या शतकात कळले. १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन या शास्त्रज्ञाने लागरच्या यीस्टची एकच पेशी निवडून तिच्यापासून संपूर्ण वाण वाढविले. शुद्ध वाण हा शब्द तेथे प्रथमच अक्षरशः खरा ठरला. रानटी यीस्टचा शिरकाव थांबला, बिअर नासणे थांबले आणि जगभर लागरचा विजय झाला. आज जगात जी बिअर खपते तिच्यातील फार मोठा वाटा लागरचाच आहे. पण या शुद्ध वाणाची वंशावळ मात्र पुष्कळ वर्षे लागत नव्हती. त्याचा एक पूर्वज पाव फुगविणारे व एल आंबविणारे आपले नेहमीचे यीस्ट, हे कळले होते. दुसरा कोण, याचा पत्ता नव्हता. तो २०११ साली लागला, आणि तोही दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडील पातागोनियाच्या अरण्यात, बीच जातीच्या झाडांवरील गाठींत. पुढे २०१४ साली त्याच जातीचे यीस्ट तिबेटच्या पठारावर आढळले. हा थंडी सोसणारा रानवासी आणि साखर झपाट्याने फस्त करणारा गाववासी, या दोघांचा केव्हातरी संयोग झाला; त्या संयोगातून एकाची सोशिकता आणि दुसऱ्याची भूक घेऊन जे जन्मले तेच लागरचे यीस्ट. खेचराप्रमाणे ते आपल्या आईबापांसारखी संतती निर्माण करण्यास जवळजवळ असमर्थ असते. केवळ अंकुर फुटून वाढते.

याचा अर्थ वाचकांच्या ध्यानी आलाच असेल. ज्या बिअरच्या शुद्धतेसाठी कायदे झाले, जिच्या यीस्टची एकेक पेशी निवडून शुद्ध वाण राखले गेले, तिचा प्राणच संकरज आहे. शुद्धतेचे पहारेकरी ज्याचे रक्षण करीत होते ते एक विसरलेले मिश्रण होते. आणि ही गोष्ट एकट्या लागरचीच नव्हे. ज्या कोल्श बिअरचा जन्म दोन रीतींच्या मीलनातून झाला, तिच्याच कारखानदारांनी १९८६ साली आपसांत करार करून कोल्श कशाला म्हणावे याची व्याख्या ठरविली. १९९७ साली त्या नावाला युरोपात कायद्याचे संरक्षण मिळाले. कालचा संकर आजचे कुलीन घराणे झाला आणि दाराशी आपले पहारेकरी बसवून मोकळा झाला. मिश्रणाला पुरेसा काळ लोटू द्या, की ते शुद्ध होते. म्हणजे आपल्याला त्याची जोडणी आठवेनाशी होते.

इतक्या दूर न जाता हेच आपल्या अंगणात पाहता येते. मंडणगड तालुका रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकास आहे. त्याच्या सीमेवरून सावित्री वाहात येते आणि बाणकोटापाशी समुद्रास मिळते. बिअर हा या प्रदेशाचा धंदा नव्हे. येथील जुने पेय माडी. माडाची पोय आवळून बांधावी, हलक्या हाताने ठेचावी, तिच्या टोकाला रोज पातळ काप द्यावा आणि झिरपणारा रस मडक्यात धरावा, ही भंडारी समाजाची पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या. मडक्यास आतून चुना लावला तर पहाटे मिळते ती गोड नीरा. चुना नसला तर दुपारपर्यंत रसाला फेस चढतो, सायंकाळी तो आंबट होतो आणि काही दिवसांत त्याचा शिर्का बनतो. कोणी यीस्ट सोडलेले नसते. हवेतील, झाडावरील आणि मडक्याच्या भिंतींतील अनेक जातींचे यीस्ट व जंतू आपापली पाळी आली म्हणजे काम करितात. गोव्यातील पाववाले याच आंबलेल्या रसाने, ज्याला तेथे सूर म्हणतात, पीठ फुगवीत असत. ब्रुसेल्सच्या आसपास लाम्बिक नावाची बिअर अशीच उघड्या हवेवर सोपवितात, आणि एक, दोन व तीन वर्षे मुरलेली पिंपे एकत्र करून तिचे सर्वोत्तम पेय सिद्ध करितात. बाणकोटचा माड आणि ब्रुसेल्सचे पिंप यांना एकमेकांची वार्ता नाही. तरी शुद्ध वाण म्हणजे काय हे दोघांनाही सांगून समजणार नाही.

बाणकोटची खाडी तरी काय आहे? भरतीला समुद्र आत येतो, ओहोटीला नदी बाहेर जाते, आणि मधले मचूळ पाणी धड गोडे नव्हे व धड खारे नव्हे. पिण्यास ते निरुपयोगी. पण खारफुटी तेथेच उभी राहते, आणि कोळंबी व मासे यांची पिल्ले तिच्याच मुळांच्या आडोशाने वाढतात. शुद्ध पाणी हवे असेल तर ते ऊर्ध्वपातनाच्या नळीतून मिळते, परंतु त्यात कोणाची पिल्ले वाढत नाहीत.

येथे एखादा सावध वाचक विचारील, की मग सर्वच मिश्रणे चांगली काय? या प्रश्नाचे उत्तर दिल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. २०१५ च्या जून महिन्यात मुंबईस मालाडजवळील मालवणी येथे मिथेनॉल मिसळलेली दारू पिऊन शंभराहून अधिक माणसे मेली. ती बहुतेक हातावर पोट असलेली होती. मिथेनॉल रंगारोगणाच्या व रसायनांच्या कारखान्यांत लागणारा पदार्थ. दिसण्यात व वासात तो पिण्याच्या मद्यार्काचा भाऊ शोभतो आणि पोटात गेल्यावर डोळे व प्राण घेतो. तीही दोन द्रव्यांची एकत्र आणणीच होती. तिला मिश्रण म्हणून सोडून देणारे तत्त्वज्ञान कवडीमोलाचे होय.

पण दोष कशात होता हे नीट पाहावे. दोन द्रव्ये एकत्र आली एवढ्यात तो नव्हता. एका द्रव्याने दुसऱ्याचे नाव घेतले यात तो होता. पिणाऱ्यास आपण काय पितो हे ठाऊक नव्हते, विकणाऱ्यास ते कळण्याचा मार्ग होता, आणि परिणाम भोगणारा पहिला होता, दुसरा नव्हे. भेसळीची ही तीन लक्षणे आहेत. जेथे जीवघेणे विष नसते तेथेही ती लागू पडतात. कर्नाटकातील आंबा हे मुळीच वाईट फळ नव्हे. तो आपल्या नावाने बाजारात आला तर त्याचे स्वागतच व्हावे. तोच जेव्हा रत्नागिरीच्या पेटीत भरून हापूस म्हणून विकला जातो, तेव्हा फळात काहीही न मिसळता भेसळ घडते. कोकणच्या हापूसला २०१८ साली जे भौगोलिक मानांकन मिळाले ते याच फसवणुकीविरुद्धचे हत्यार आहे. ते नावाचे रक्षण करते, आणि तेवढ्यापुरते योग्यच आहे. परंतु त्याच कोकणात, वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्रात, नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ साली रत्ना हा आंबा निघाला. हापूसला पोखरणारा साका त्यात होत नाही. रत्ना हे रत्ना म्हणून विकले जाते. तो संकर आहे, भेसळ नव्हे. दोन वस्तू नुसत्या जवळ आल्या तर मिश्रण, त्यांतून तिसरी जन्मली तर संकर, आणि एकीने दुसरीचे सोंग घेतले तर भेसळ. या तिघांना एका पंक्तीस बसविणे हीच मूळ चूक.

दुसरा आक्षेप रसिकतेचा आहे. फसवणूक नसेल, पण बेचव मिश्रणाचे काय? पुण्यात २००९ साली ‘दूलाली’ हे लहान प्रमाणावर ताजी बिअर करणारे गृह निघाल्यापासून महाराष्ट्रात अशा कारागिरांची एक पिढी उभी राहिली, आणि आंबा, कोकम, बाजरी अशा आपल्याकडील जिनसा परदेशी बिअरच्या रीतींशी जोडून पाहण्याचा प्रघात पडला. यांतील सर्वच प्रयोग टिकण्यासारखे नाहीत. कडवट, जड बिअरमध्ये आंब्याचा गर ओतला म्हणजे दोन प्रकारांचा संगम होत नाही. दोघांचाही घात होतो. परंतु कोकम आणि गोझे यांची जोडी पाहा. गोझे ही जर्मनीतील लाइपझिगकडील जुनी आंबट बिअर; तीत गव्हाबरोबर मीठ आणि धने पडतात. आपल्या कोकमाच्या सारात आंबटपणा कोकमाचा, त्यात मीठ, आणि वरून कोथिंबीर, म्हणजे त्याच धन्याचे हिरवे रूप. दोन मुलुखांनी एकमेकांना न विचारता आंबट, खारट आणि सुगंधी यांचा एकच मेळ घातला होता. येथे जोडणाऱ्याने काही लादले नाही. असलेले नाते ओळखले.

हे ओळखण्याची विद्या आपल्याला परकी नाही. आपल्या संगीतात जोडराग आहेत. बसंत-बहार गाणाऱ्याने अर्धा वेळ बसंत आणि अर्धा वेळ बहार गायला तर जाणते श्रोते माना वळवितात. एका रागातून दुसऱ्यात जाण्याची जी जागा, तेथेच गवयाची परीक्षा होते. अल्लादियाखाँसाहेबांची कीर्ती अशा अनवट व जोड रागांसाठी विशेष होती, आणि तिचे कारण उघड आहे. ज्याला दोन्ही राग स्वतंत्रपणे पूर्ण येतात, त्यालाच ते जोडण्याचा अधिकार. बिअरच्या कारागिराचीही हीच कसोटी लागते. ज्याने शुद्ध लागर कधी नीट केली नाही त्याची मिश्र बिअर ही कल्पकता नसून अज्ञान लपविण्याची युक्ती असते. म्हणजे शुद्ध परंपरेचा मिश्रणवाद्यास उपयोग आहे, आणि थोर उपयोग आहे: ती त्याची शाळा आहे. तेथे शिकावे, तिचे ऋण मानावे; परंतु आयुष्यभर शाळेतच राहावे असा नियम नाही.

येथपर्यंत वस्तूंचा विचार झाला. पण शुद्ध-अशुद्धाची भाषा वस्तूंवर थांबत नाही, आणि या प्रश्नाचे खरे गांभीर्य तेथेच आहे. भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन युद्धाच्या परिणामांची जी भीती बोलून दाखवितो तीत वर्णसंकराची भीती आहे. तिसऱ्या अध्यायातही संकर हा शब्द अनर्थ या अर्थानेच येतो. निकृष्ट, बेंगरूळ मिश्रणाला आपल्या बोलीत जो रूढ शब्द आहे, त्यात एका दलित जातीचे नाव अवमानार्थी गुंतलेले आहे. तो आम्ही येथे लिहीत नाही; भाषेच्या किंवा पोशाखाच्या खिचडीविषयी बोलताना तो अनेकांच्या जिभेवर सहज येतो, आणि आपण काय बोललो हे बोलणाऱ्यास कळतही नाही. मिश्रणाचा तिटकारा आणि माणसाचा तिटकारा हे एकाच मुळावर वाढले, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता?

ज्या सावित्रीच्या मुखाशी बाणकोट आहे, तिच्याच काठी वरच्या अंगाला महाड आहे. तेथील चवदार तळ्यावर १९२७ च्या मार्चच्या २० तारखेस डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे सहस्रावधी अनुयायी पाणी प्याले. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे याच मंडणगड तालुक्यात आहे. त्यानंतर तळे बाटले म्हणून सनातनी मंडळींनी त्यात पंचगव्याच्या घागरी ओतून मंत्रोच्चाराने त्याची शुद्धी केली. हा प्रसंग शांतपणे डोळ्यांपुढे आणावा. माणसाच्या ओंजळीने त्या पाण्यात काहीच मिसळले नव्हते. तरी ते अशुद्ध ठरले. घागरींनी त्यात शेण आणि गोमूत्र मिसळले. तरी ते शुद्ध ठरले. द्रव्याचा येथे काही संबंधच नव्हता. शुद्धता हे पाण्याचे वर्णन नव्हते, ती तळ्याच्या पायरीवर कोणी उभे राहावे याची आज्ञा होती. बव्हेरियाच्या ड्यूकाने गव्हाच्या बाबतीत जे केले, त्याचेच हे अधिक क्रूर रूप. तेथे पैशाची मक्तेदारी होती, येथे पाण्याची आणि माणुसकीची.

१९३६ साली, लाहोरच्या मंडळासाठी लिहिलेल्या पण अखेर न झालेल्या आपल्या भाषणात बाबासाहेबांनी जातिभेदाच्या निर्मूलनाचा खरा उपाय आंतरजातीय विवाह हाच सांगितला, आणि वंशशुद्धीची कल्पना इतिहासाला धरून नाही हे दाखविण्यासाठी डॉ. देवदत्त भांडारकरांच्या संशोधनाचा आधार घेतला. पातागोनियाच्या अरण्यात लागरचा दुसरा पूर्वज सापडला तेव्हा यीस्टपुरते जे सिद्ध झाले, ते माणसांपुरते विद्वानांनी पूर्वीच सांगितलेले होते.

येथे मात्र एक सावधगिरी बाळगली पाहिजे, नाही तर आमचे उदाहरणच आम्हांस खड्ड्यात घालील. संकर चांगला, कारण संकरज आंब्यात साका नसतो व संकरज यीस्ट काटक असते, असा युक्तिवाद वस्तूंविषयी ठीक आहे. तोच माणसांना लावू गेल्यास आपण शुद्धिवाद्याचा तराजू हाती घेतलेला असतो. फक्त पारडे बदललेले असते. बिअर चाखणाऱ्यासाठी केलेली असते. ती चांगली की वाईट हे चाखणाराच ठरवितो. माणूस कोणाच्या चवीसाठी जन्मास येत नाही. दोन भिन्न जातींच्या, भाषांच्या किंवा धर्मांच्या स्त्री-पुरुषांनी संसार मांडला, तर त्यांची संतती अधिक बुद्धिमान निपजेल की नाही हा प्रश्नच अप्रस्तुत आहे. त्या संसाराचा अधिकार त्याच्या फळावरून ठरत नाही. तो त्या दोघांच्या संमतीवरून ठरतो. वस्तूच्या मिश्रणात आपण पारखी आहोत. माणसांच्या मीलनात आपण फार तर पाहुणे आहोत, आणि पाहुण्याने पंगतीत बसून कुळाची चौकशी करू नये एवढी सभ्यता तरी आपण शिकलो आहोत.

तेव्हा मिश्रणाविषयी निवाडा देण्यापूर्वी काही गोष्टी विचारून घ्याव्यात. जे आहे ते आपल्या खऱ्या नावाने पुढे आले आहे काय? त्यात चूक झाली तर तिची किंमत करणारा देतो की न विचारलेला भलताच कोणी देतो? जोडणाऱ्याला दोन्ही बाजू येतात काय? या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असली म्हणजे मिश्रण सचोटीचे आहे असे समजावे; मग ते आपल्या जिभेस रुचो वा न रुचो. आणि कोणी शुद्धतेचा दाखला पुढे केला, तर त्यालाही एक प्रश्न विचारावा: ही शुद्धता कोणाला फसवणुकीपासून वाचविते, की कोणाला पायरीवरून खाली उतरविते? पहिल्या प्रकारची असेल तर तिचा मान राखावा. दुसऱ्या प्रकारची असेल तर तिने मिरविलेली वंशावळ कितीही जुनी असो, तिच्यातील विसरलेला पूर्वज शोधण्याचे काम जाणत्यांनी हाती घ्यावे. तो कोठेतरी असतोच. कधी खाडीपलीकडच्या गावात, कधी एखाद्या दूरच्या अरण्यात.